एक प्रत, अकरा वाचक: रहस्य न फोडता कादंबरी कशी फिरवावी

आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या गटात अकरा वाचक आहेत, बारावी मी. दरवर्षी जूनमध्ये आम्ही एकच रहस्यकादंबरी हातोहात फिरवायला काढतो. शोध लावणारा पोलिसातला नसावा, एवढीच माझी अट. शाळेतली बाई असू दे, औषधाच्या दुकानातला माणूस असू दे, नाहीतर गल्लीतल्या प्रत्येक घरी ऊठबस असलेली आजी. अशा हौशी माणसाकडे ना प्रयोगशाळा, ना वॉरंट. त्याला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं, म्हणून त्याच्या आधी गुन्हेगार ओळखायची खरी संधी वाचकाला मिळते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने 1929 साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले, त्यात हेच आहे: गुन्हेगार कथेत लवकर भेटला पाहिजे आणि हाती लागलेला धागा वाचकापासून लपवता कामा नये. लेखकाने एवढं इमान राखल्यावर आपणही ते राखलं पाहिजे. अकराव्या वाचकालाही पहिल्याइतकंच कोरं पुस्तक मिळालं पाहिजे.

त्यासाठी एकाने पुस्तक आधी पूर्ण वाचावं लागतं. ते मी करते. वाचताना तीन गोष्टी टिपायच्या. मलपृष्ठावरच्या मजकुरात काही फुटतंय का? एकदा दुसरा खून पुस्तकाच्या मध्यावर होता आणि मलपृष्ठावर तो ठळक अक्षरांत छापलेला होता. असं असेल तर सरळ खाकी कव्हर घाला. दुसरं, पात्रं फार असतील तर नाव, नातं, काम एवढंच लिहिलेली चिठ्ठी आतल्या बाजूला लावा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, उलगडा नेमका कुठे सुरू होतो? शेवटच्या प्रकरणात, असं आपण धरून चालतो. पण शोध लावणारा सगळ्यांना एका खोलीत जमवतो, त्याच्या बऱ्याच आधी त्याला कळलेलं असतं. ज्या पानावर तो ‘आता कळलं’ म्हणून उठतो, तिथून पुढची पानं बंद करायची.

पानं बंद करायची म्हणजे त्यांच्याभोवती कागदाचा पट्टा घालायचा. साध्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी घ्या, उरलेल्या पानांना वेढा द्या आणि पट्टीची टोकं एकमेकांवर चिकटवा. डिंक पानाला अजिबात लागू द्यायचा नाही. खळ तर वापरूच नका, कसर लागते. पट्टा सैल ठेवा. पुस्तक फर्म्याफर्म्याने, म्हणजे पानांच्या जुड्यांनी, शिवलेलं असेल तर घट्ट आवळलं की शिवण ओढली जाते. ही कल्पना माझी नव्हे. 1929 सालीच न्यूयॉर्कच्या हार्पर प्रकाशनाने काही रहस्यकादंबऱ्यांचा शेवटचा भाग सील करून विकला होता, सील न फोडता पुस्तक परत आणणाऱ्याला पैसे परत मिळत. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की त्याच रात्री कात्री घेऊन बसले.

मागच्या कव्हराच्या आत एक पाकीट चिकटवा. त्यात कोऱ्या चिठ्ठ्या आणि जादा पट्ट्या. पट्टा फोडण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर संशयिताचं नाव आणि संशय पक्का झाला तो पान क्रमांक लिहायचा, घडी घालून पिन मारायची आणि पाकिटात टाकायची. मग शेवट वाचायचा, नवा पट्टा घालायचा आणि पुस्तक पुढे द्यायचं. पट्टा लवकर फोडला का, हे कोणी विचारत नाही.

पान क्रमांक लिहायला का सांगते, ते आमच्या तिसऱ्या वर्षी कळलं. चिठ्ठ्या उघडल्या तर पहिल्या चार जणांनी चार वेगळी नावं लिहिलेली, आणि पाचव्यापासून सगळ्यांचं उत्तर बरोबर. सगळ्यांचं पानही एकच, 112. मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेले कागद मोजण्यात आयुष्य काढलं. इतकं जुळणारं काही दिसलं की बोटं आपोआप कागदाकडे जातात. पान उघडलं. वरचा कोपरा कोणीतरी दुमडला होता आणि पुन्हा सरळ केला होता. रेघ होती केसाएवढी, पण पुस्तक त्या पानावर आपसूक उघडत होतं. त्या पानावर काय होतं? स्वयंपाकीण बरणीचं झाकण उलटं ठेवते, एवढं एक वाक्य. एरवी कोणाची नजरही तिथे थांबली नसती. दुमडणाऱ्याचा काही वाईट हेतू नव्हता, कुकरची शिट्टी झाली असेल आणि खूण म्हणून कोपरा मुडपला असेल. पण पुढच्या सात जणांचा शोध तिथेच संपला. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून पुस्तकासोबत कापडी फीत देते. कोपरा दुमडायचा नाही, पेन्सिल लावायची नाही, पुस्तक उघडं पालथं घालायचं नाही. चहाचा डाग पडलाच तर दोन-तीन निरुपद्रवी पानांनाही तेवढाच चहा लावा. हे मी अगदी मनापासून सांगते.

क्रम लावताना वाचनाचा वेग बघू नका, रस्ता बघा. आमचं पुस्तक इंदिरानगरहून सिडको, तिथून गंगापूर रोड, मग पंचवटी आणि शेवटी नाशिकरोड असं जातं. पंचवटीतली जाऊबाई बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, येते, तिथेच तिच्या हाती देते. वॉचमनकडे ठेवून जाऊ नका. श्रावणात दुहेरी प्लास्टिक पिशवी हवीच, आणि गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की पलीकडची देवाणघेवाण सरळ आठवडाभर पुढे ढकला. माणशी दहा दिवस पुरतात. जूनच्या मध्याला निघालेलं पुस्तक दसऱ्याच्या आसपास परत येतं. एक अपवाद मात्र करा: ज्याच्या पोटात काही राहत नाही त्याला शेवटी ठेवा, तो कितीही जवळ राहत असला तरी.

फोटो काढून किंवा पीडीएफ करून ग्रुपवर टाकायचं नाही. विकत घेतलेली प्रत एकमेकांना देण्यात काही गैर नाही, पण नकला काढल्या की लेखकाच्या हाती काहीच येत नाही. आम्ही माणशी तीस रुपये काढतो आणि पुढच्या वर्षीचं पुस्तक नवं घेतो. पुस्तक निवडायला आधी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन चाळून बघा. 1840 पासूनचं वाचनालय आहे, रहस्यकथांची जुनी कपाटं तिथे आहेत. गट मोठा असेल तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पुस्तकांची पेटीही मागवता येते. पण त्या पुस्तकांना पट्टा लावू नका, ती आपली नव्हेत.

चिठ्ठ्या आम्ही कोजागिरीला गच्चीवर उघडतो. बरोबर नावांमध्ये ज्याचं पान सगळ्यात आधीचं, त्याला मसाला दुधाचा पहिला पेला. चुकलेल्या चिठ्ठ्याही मोठ्याने वाचा. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने पान 31 लिहून एका निर्दोष डॉक्टरवर असा काही संशय मांडला होता की दूध उतू गेलं तरी कोणी उठलं नाही.

सगळं आटोपलं की जुना पट्टा कापून काढा, पानं मोजा, कोपरे बोटाने तपासा आणि मगच पुस्तक दुसऱ्या गटाला द्या.