टाच कुठे पडली? नो बॉल ओळखायचा कसा, टाळायचा कसा

सामना आठला असेल तर मी सातला मैदानावर असते. पिशवीत सगळ्यात वर टेप. नाशिकमध्ये शाळांच्या आणि क्लबच्या सामन्यांना मी अंपायर म्हणून उभी राहते, त्याआधी बरीच वर्षं मध्यमगती गोलंदाजी केली, आणि आठवड्यातले तीन दिवस मुलींना बॉलिंग शिकवते. या तिन्ही कामांतून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे: नो बॉल नशिबाने पडत नाही. तो आधीच कुठेतरी तयार झालेला असतो, कधी फक्की मारताना, कधी नेटमध्ये, कधी रनअपची खूण अंदाजाने लावताना.

फक्कीपासूनच सुरू करू. स्टंपच्या मध्यातून जाते ती बॉलिंग क्रीज. तिच्यापुढे १.२२ मीटरवर, म्हणजे चार फुटांवर, पॉपिंग क्रीज. मधल्या स्टंपपासून दोन्ही बाजूंना १.३२ मीटरवर रिटर्न क्रीज. मी पाहिलेल्या कितीतरी मैदानांवर ही मापं बॅटने किंवा पावलांनी घेतलेली असतात आणि मग एका टोकाला क्रीज चार फुटांवर तर दुसऱ्या टोकाला पावणेचारवर येते. बॉलरने काय करायचं? म्हणून दोरी ताणा, टेप लावा, मगच फक्की मारा. आणि पट्टा बारीक ठेवा.

बारीक का, ते नीट समजून घ्या, कारण निम्मे वाद इथेच होतात. क्रीज म्हणजे तो पांढरा पट्टा नव्हे. पट्ट्याची मागची, स्टंपकडची कड म्हणजे पॉपिंग क्रीज. बॉल टाकताना पुढचा पाय टेकतो त्या क्षणी पावलाचा काही भाग त्या कडेच्या मागे हवा. थोडासा असला तरी चालतो, टाच हवेत असली तरी चालते, पण तो मागे हवा. अख्खं पाऊल पट्ट्यावर पडलं तर नो बॉल. पोरी धावत येऊन म्हणतात, "ताई, पाय रेषेवरच होता!" रेषेवरच होता म्हणूनच तर नो बॉल दिला, बाळा.

पाय टेकला तो क्षण तेवढा मोजायचा. टेकल्यावर पाऊल घसरून पुढे गेलं तर काही हरकत नाही. बऱ्याच जणी घसरलेल्या पावलाची खूण दाखवून भांडतात. त्या खुणेवरून निर्णय होत नाही.

मागच्या पायाचा नियम वेगळा आहे. तो रिटर्न क्रीजच्या आत पडला पाहिजे, तिला टेकता कामा नये. इथे कड मोजायची ती आतली. क्रीजच्या कडेकडेने येऊन कोन साधणाऱ्या बॉलर इथे फसतात. आणखी एक बारकावा म्हणजे दोन्ही टोकांच्या मधल्या स्टंपना जोडणारी एक रेघ मनात ओढा. ज्या बाजूने टाकते असं अंपायरला सांगितलंय, पुढच्या पावलाचा काही भाग त्याच बाजूला पडला पाहिजे. ओव्हर द विकेट (टाकणारा हात स्टंपकडे) की राउंड द विकेट (हात स्टंपपासून लांबच्या बाजूला), उजवा हात की डावा, हे बदलायचं तर आधी अंपायरला सांगा. न सांगता बदललं की नो बॉल.

आता जे अंपायर म्हणून उभे राहतात त्यांच्यासाठी. काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका सामन्यात शेवटची ओव्हर चालू होती, सहा धावा हव्या होत्या. बॅटर क्रीज सोडून पुढे सरकली आणि माझी नजर क्षणभर लवकर वर गेली. दांडी उडाली. नॉन-स्ट्रायकरची मुलगी म्हणाली, "ताई, पाय बाहेर होता." मी खाली पाहिलं. ताज्या फक्कीच्या दोन बोटं पुढे स्पाइक्सचे ठसे होते. पण पाय पडताना मी पाहिला नव्हता आणि जे पाहिलं नाही ते देता येत नाही. ती मुलगी बाद राहिली, तिचा संघ हरला. ती चूक माझीच होती आणि आजही ती मला बोचते. तेव्हापासून मी स्टंपच्या इतकी मागे उभी राहते की क्रीज आणि बॅटर एकाच नजरेच्या ओळीत येतात. पाय टेकेपर्यंत डोळे क्रीजवर, टेकला की वर. भीती वाटते की बॉल दिसणार नाही, पण दिसतो. आठवडाभर नेटमध्ये उभं राहून सराव करा, डोळ्यांना सवय लागते.

मोठ्या सामन्यांत काय होतं ते आठवा. १८ जून २०१७, ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. बुमराहच्या बॉलवर पाकिस्तानचा फखर झमान तीन धावांवर असताना धोनीने झेल घेतला, आणि बॉल निघाला नो. फखरने ११४ केल्या, भारत १८० धावांनी हरला. आपल्या पुण्याजवळच्या गहुंज्यात ५ जानेवारी २०२३ ला अर्शदीपने श्रीलंकेविरुद्ध दोन ओव्हरमध्ये पाच नो बॉल टाकले. तो सामना आपण १६ धावांनी गमावला. दोघंही कसलेले बॉलर. मग चौदा वर्षांच्या मुलीला ओरडून काय साधणार? तिला रनअप मोजायला शिकवा.

मी शिकवते ते असं. पॉपिंग क्रीजवर पाठ बॅटरच्या टोकाकडे करून उभं राहा आणि मैदानाच्या मोकळ्या बाजूला नेहमीच्या वेगाने धावत सुटा. बॉल टाकण्याची उडी आणि हात, सगळं खरंखुरं करा. समोर रेषा नसल्यामुळे पावलं आखडत नाहीत. पुढचा पाय जिथे पडेल तिथे मैत्रिणीने खूण करायची. असं सहा वेळा. ज्या खुणा एकमेकींजवळ पडतात त्यांचा मध्य धरा, आणि क्रीजपासून तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा. त्यात दहा-पंधरा सेंटिमीटर वाढवा, म्हणजे अर्धं पाऊल मागे राहील. तो आकडा किटबॅगच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा. पावलांनी मोजू नका. दमलेल्या पायांची पावलं आणि ताज्या पायांची पावलं सारखी नसतात.

मग बॉल टाका आणि पट्ट्यातला ठसा बघा. ताज्या फक्कीत स्पाइक्सचे टिपके अगदी स्वच्छ उमटतात. टाचेचे टिपके पट्ट्यामागच्या काळ्या मातीत आणि चवड्याचे पांढऱ्यात असतील तर रनअप बरोबर आहे. सगळेच पांढऱ्यात असतील तर सुरुवातीची खूण अर्धा फूट मागे न्या, पण उडी आखडू नका. धावताना रेषेकडे मुळीच पाहू नका. पाहिलं की शेवटचं पाऊल एकतर लांबतं नाहीतर अडखळतं.

नाशिकच्या जानेवारीतल्या सकाळी तुम्ही अनुभवल्याच असतील. सातला हाताची बोटं वळत नाहीत. पहिल्या दोन ओव्हरमध्ये अंग आखडलेलं असतं, ढांगा आखूड पडतात आणि पाय खुशाल मागे राहतो. तिसऱ्या-चौथ्या ओव्हरला अंग तापतं, ढांग लांबते आणि नो बॉल सुरू होतात. कॅप्टनला वाटतं मुलीचं लक्ष उडालं. तसं नसतं. खूण थोडी मागे घ्यायची, एवढंच. पाठीमागून वारा असला तरी हेच करायचं.

आणि नेटमध्ये नो बॉल माफ करू नका. तिथे कुणी हात आडवा करत नाही म्हणून मुली पाऊलभर पुढून टाकतात आणि शरीराला तेच अंतर पाठ होतं. माझ्या नेटमध्ये नो बॉल मोजला जात नाही, तो पुन्हा टाकायचा.

हाताविषयी बोलताना मात्र जपून. कोपर वाकडं असणं हा गुन्हा नाही. हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून बॉल सुटेपर्यंत कोपर सरळ होत गेलं तर तो बॉल फेकला असं धरतात, आणि तोही नो. मनगट कितीही फिरवा. २६ डिसेंबर १९९५ ला मेलबर्नला अंपायर डॅरेल हेअरने मुरलीधरनला सात वेळा नो बॉल दिला, पण त्याचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हतं. २००५ पासून आयसीसीने सगळ्यांसाठी १५ अंशांची मर्यादा ठेवली. तिची तपासणी प्रयोगशाळेत होते, आपल्या मैदानावर अंश कोण मोजणार? शंका आली तर बाजूने मोबाइलवर स्लो मोशन काढा आणि कोचशी बाजूला बोला. सगळ्यांसमोर "फेकतेस" म्हटलेलं मूल पुन्हा बॉल हातात घेत नाही, हे मी पाहिलंय. आपल्या नाशिकची लेगस्पिनर माया सोनवणे २०२२ च्या महिला टी-२० चॅलेंजमध्ये खेळली तेव्हा तिची मान खाली घालून टाकायची अ‍ॅक्शन देशभर चर्चेत होती. अ‍ॅक्शन जगावेगळी आहे म्हणून बॉल नो होत नाही.

आमच्या सामन्यांत सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो कमरेवरच्या फुलटॉसवर. टप्पा न पडता बॉल बॅटरच्या कमरेच्या वरून गेला तर नो बॉल, मग तो स्पिनरच्या हातून सुटलेला संथ बॉल का असेना. मात्र कंबर मोजायची ती बॅटर पॉपिंग क्रीजवर ताठ उभी असताना. ती स्वीपसाठी गुडघ्यावर बसली आणि बॉल छातीला आला म्हणून नो होत नाही, किंवा ती दोन पावलं पुढे आली तर बॉल क्रीजपर्यंत पोहोचेस्तोवर किती खाली आला असता तेही पाहावं लागतं. स्क्वेअर लेगच्या अंपायरकडे बघा, त्याला बाजूने जास्त नीट दिसतं. बॉल धोकादायक वाटला तर पहिली आणि शेवटची ताकीद द्यायची. पुन्हा तसा टाकला तर त्या डावात तिची बॉलिंग बंद.

टप्प्यांचा नियम २०१७ पासून कडक झाला आहे. बॅटरच्या पॉपिंग क्रीजपर्यंत एकाहून जास्त टप्पे पडले किंवा बॉल सरपटत गेला तर नो. टप्पा पिचच्या बाहेर पडला तरी नो. टाकताना बॉलरकडून नॉन-स्ट्रायकरकडच्या बेल्स पडल्या तरी नो. अंडरआर्मला परवानगी नाही, पण सामन्याआधी दोन्ही बाजूंनी ठरवलं असेल तर चालतं, त्यामुळे कॉलनीतल्या पार्किंगमधलं अंडरआर्म क्रिकेट नियमात बसतं.

काही नो बॉल बॉलरच्या हातात नसतातच. लेग साइडला, म्हणजे बॅटरच्या पाठीकडच्या बाजूला, पॉपिंग क्रीजच्या मागे कीपर सोडून दोनपेक्षा जास्त फील्डर असतील तर नो. बॉल बॅटला किंवा बॅटरला लागण्याआधी, किंवा स्टंप ओलांडून जाण्याआधी, कीपरचे ग्लोव्हज स्टंपच्या पुढे आले तरी नो. धाव बॉलरच्या खात्यात जाते, म्हणून कॅप्टनने बॉल टाकण्याआधी फील्डर मोजावेत.

नो बॉलची एक धाव मिळते आणि बॉल ओव्हरमध्ये धरत नाहीत. त्यावर बॅटर रनआउट, दोनदा बॉल मारणे किंवा अडथळा आणणे एवढ्यानेच बाद होते. वाईडवर स्टंपिंग होतं, नोवर नाही. एकच बॉल नोही असेल आणि वाईडही, तर नो धरायचा. पायाचा नो लगेच, मोठ्याने ओरडून द्या, म्हणजे बॅटरला फटका मारायची संधी मिळते. वाईडला मात्र थांबा, बॉल बॅटरला ओलांडून जाऊ द्या.

टॉसला दोन्ही कॅप्टन समोर असताना दोन गोष्टी ठरवून घ्या. फ्री हिट (नो बॉलनंतरचा बॉल, ज्यावर बॅटर नो बॉलसारखीच सहज बाद होत नाही) आहे का, आणि असली तर सगळ्या नो बॉलवर की फक्त पायाच्या. क्रिकेटच्या मूळ कायद्यात फ्री हिट नाही, ती मर्यादित षटकांच्या स्पर्धांच्या नियमांतून येते. आणि टप्पा पडून डोक्यावरून गेलेला बॉल नो की वाईड. कायद्यात तो नो आहे, आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमांत वाईड. जे ठरेल ते स्कोअररला सांगा आणि स्कोअरबुकाच्या पहिल्या पानावर दोन्ही कॅप्टनच्या सह्यांसह लिहून घ्या.