शोकेसमधला किल्ला बिनवायरीने कसा उजळवावा

दिवाळी सरली की मातीचा किल्ला मोडतो आणि चित्रं पुन्हा खोक्यात जाऊन बसतात. त्यातले चार-पाच मावळे आणि भालदार बाहेर काढा. फूटभर लांबीचा महादरवाजा, मागे थोडी तटबंदी, एवढा देखावा शोकेसमध्ये वर्षभर राहू शकतो. दिवेही लावता येतात, एकही वायर न दिसता.

त्यासाठी वायरलेस इंडक्शन एलईडीचा संच घ्या. त्यात तांब्याच्या तारेची एक चपटी कॉइल असते, शक्यतो मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरवर चालणारी घ्यावी. सोबत मण्याएवढे दिवे येतात आणि प्रत्येकाला स्वतःची बारकी कॉइल असते. खालच्या कॉइलमुळे चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहतं, त्यामुळे वरच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. सेल नको, सोल्डरिंग नको.

लगेच चिकटवाचिकटवी करू नका. कॉइल लाकडी टेबलावर ठेवून तिच्यावर प्लायवुडचा बेस ठेवा, खोलीत अंधार करा आणि एक दिवा बेसवरून हळूहळू फिरवा. कुठे लख्ख, कुठे मिणमिणता, कुठे गुल, हे पेन्सिलीने आखून घ्या. दिव्याची कॉइल खालच्या कॉइलला समांतर असली की उजेड भरपूर. काटकोनात उभी केली की दिवा बहुतेक विझतोच. लहान संचांची पोच काही सेंटिमीटरच असते, म्हणून प्लाय ६ मिमीपेक्षा जाड नको.

आणि धातू टाळा. आपल्याकडे किल्ल्याच्या तळ्याला चांदीचा कागद लावायची सवय आहे; तो कागद कॉइल आणि दिव्याच्या मध्ये आला की बरीचशी ऊर्जा तोच गिळतो. लोखंडी कपाटाच्या फळीवरही हीच रड. काच, लाकूड, पुठ्ठा, वाळलेलं प्लास्टर चालतं. तळ्यासाठी निळ्या रंगावर पारदर्शक वार्निशचे दोन-तीन हात मारा, पाणी जास्त खरं दिसतं.

आता खरा प्रश्न: उजेड येतोय कुठून? महाराजांच्या काळातल्या दरवाज्यावर मशाल असेल, देवडीत, म्हणजे दरवाज्याच्या आत पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागेत, पणती असेल. तिथे निळसर पांढरा एलईडी लावला की देखावा मोबाइलच्या दुकानासारखा दिसतो. २७०० केल्व्हिनच्या आसपासचा पिवळसर दिवा घ्या. पांढराच मिळाला तर त्याला नारिंगी ग्लास पेंटचा पातळ हात द्या. दिवा स्वतः दिसू देऊ नका. देवडीच्या आत, जमिनीलगत, कमानीच्या खांबामागे तो आडवा ठेवा आणि पुढे बटर पेपरचा तुकडा लावा. कमानीतून उजेड दगडांवर सांडला पाहिजे. मशाल भिंतीवर उंच हवी असेल तर खालची कॉइल तिथवर पोचत नाही; तटबंदीच्या पोकळीत दुसरी कॉइल उभी बसवा आणि मशालीच्या दिव्याची कॉइल तिला समांतर ठेवा.

पुठ्ठ्याची भिंत आतून काळ्या रंगाने रंगवा, नाहीतर सगळी तटबंदीच कंदिलासारखी उजळते. सांधे आतून काळ्या कागदाने बुजवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळा फरक इथेच पडतो. तीन दिवे पुरेत. संचात दहा आले म्हणून दहा लावायचे नसतात.

कॉइलच्या पल्ल्याबाहेरच्या एखाद्या बुरुजासाठी ३ व्होल्टचा बटन सेल वापरता येतो, पण घरात लहान मूल असेल तर तो स्क्रूच्या झाकणाच्या डबीतच हवा. गिळलेला बटन सेल दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकतो. तशी शंका आली तर थेट हॉस्पिटल गाठा. घरात कोणाला पेसमेकर असेल तर कॉइल त्यांच्यापासून लांब ठेवा.

कॉइल थोडी तापते. बेसखाली तिला हवेला जागा ठेवा आणि झोपताना चार्जर बंद करा. पॉवर बँकेवर चालवणार असाल तर आधी अर्धा तास लावून बघा: भार कमी वाटला की काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात.