सिगारेट सोडली आणि पोट अडलं: आयबीएस असणाऱ्यांनी या चुका टाळा

सिगारेट सोडण्याचा माझा पहिला प्रयत्न नवव्या दिवशी मोडला. तलफ मी सहन केली होती. मोडला तो पोटामुळे. चार दिवस पोट नीट साफ झालं नव्हतं, ओटीपोट डब्ब झालं होतं, डाव्या बाजूला सतत कळ येत होती. त्या सकाळी मी एक सिगारेट पेटवली, चौथ्या झुरक्याला पोटात गुडगुडलं आणि दहा मिनिटांत मोकळा झालो. मनाने लगेच निकाल दिला: आपल्याला सिगारेटशिवाय जमणार नाही.

हा निकाल चुकीचा होता, पण तो का चुकीचा होता हे कळायला मला आणखी दीड वर्ष लागलं. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (पोट वारंवार दुखणं आणि त्याबरोबर जुलाब, बद्धकोष्ठ किंवा दोन्ही) असलेली आणि धूम्रपान सोडू पाहणारी माणसं भेटतात तेव्हा बहुतेकांची गोष्ट याच वळणाने गेलेली असते. तलफेची तयारी सगळे करतात, आतड्यांची कोणीच करत नाही.

सिगारेटला पोट साफ करण्याचं औषध समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे थोडं थांबू.

आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. त्यात दहा कोटींहून जास्त पेशी आहेत, आणि त्या एकमेकींना निरोप देतात तो बराचसा ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निकोटिन याच रसायनाच्या जागी जाऊन बसतं. धुरातून ओढलेलं निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं, आतड्यांनाही रक्तातून ते लगेच मिळतं, आणि मोठ्या आतड्याची, विशेषतः शेवटच्या भागाची हालचाल वाढू शकते. म्हणजे सिगारेटनंतर घाई लागणं हा निव्वळ मनाचा खेळ नाही.

पण सकाळची वेळ बघा. झोपेतून उठल्यावर मोठं आतडं आपोआप जागं होतं. पोटात काही गेलं की जठर आतड्याला पुढे सरकायला सांगतं, तो वेगळा धक्का. शिवाय कॉफी: दर दहातल्या साधारण तिघांना कॉफीनंतर शौचाची भावना होते, आणि अशांच्या आतड्याची हालचाल काही मिनिटांतच वाढलेली दिसते. कॅफीन काढलेल्या कॉफीनेही हा परिणाम होतो. उठणं, कॉफी आणि सिगारेट ही तिन्ही कामं आपण एका तासात उरकतो आणि श्रेय सगळं सिगारेटला देतो.

आयबीएसमध्ये आतडी मुळातच हळवी असतात. दुसऱ्याला जाणवणारही नाही एवढा गॅस किंवा ताण आपल्याला कळ म्हणून जाणवतो. निकोटिनचा जो धक्का दुसऱ्याला ‘पोट मोकळं झालं’ असं वाटायला लावतो, तोच जुलाबाच्या प्रकारात मुरडा आणि धावपळ घेऊन येतो. बद्धकोष्ठाच्या प्रकारात तो रोज हवासा वाटायला लागतो. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे आतड्यांचं दिवसभर असं चढ-उतार चालू राहतं.

सोडण्याआधीच करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. आठवडाभर उठल्यानंतरची पहिली सिगारेट पाऊण तास पुढे ढकला. उठल्याबरोबर काहीतरी कोमट प्या, थोडं खा, मग घाई असो-नसो दहा मिनिटं शौचाला बसा. पायांखाली छोटं स्टूल घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील, आणि कोपर मांड्यांवर टेकवून किंचित पुढे झुका. कुंथायचं नाही. मला चौथ्या दिवशी सिगारेटशिवाय पोट साफ झालं, आणि खरं सांगतो, त्या सकाळी डोळ्यांत पाणी आलं होतं.

‘टेन्शनमुळे पोट बिघडतं, सिगारेटने टेन्शन जातं’

यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. मेंदू आणि आतडी यांचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं, आणि आयबीएस हा त्या बोलण्यातच झालेला बिघाड आहे. दुसऱ्या अर्ध्या भागात मात्र फसगत आहे. शेवटच्या सिगारेटला तास-दोन तास झाले की निकोटिन उतरायला लागतं, चिडचिड आणि अस्वस्थता येते, नवी सिगारेट तेवढीच उतरवते. हा ताण सिगारेटनेच आणलेला असतो. पोट मात्र तो खरा ताण म्हणूनच धरतं. शिवाय प्रत्येक झुरक्याबरोबर थोडी हवा गिळली जाते, आणि फुगलेल्या पोटाला तेवढंही पुरतं.

आयबीएस बरा होईल या आशेवर सोडणं

सिगारेट सोडायला आयबीएस हे एकमेव कारण करू नका. धूम्रपानाने आयबीएस होतो का, यावर झालेल्या अभ्यासांत एकमत नाही. काहींत संबंध दिसतो, बऱ्याच अभ्यासांत दिसत नाही. ओढणाऱ्यांमध्ये कॉफी, मद्य, अपुरी झोप आणि चिंताही अनेकदा जास्त असते, त्यामुळे नेमका दोष कोणाचा हे वेगळं काढणं अवघड जातं. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-माहिती संग्रहातल्या 64 हजारांवर प्रौढांच्या माहितीचं विश्लेषण 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात कधीही धूम्रपान न केलेल्या, पुरेसं झोपणाऱ्या आणि दमवणारा व्यायाम करणाऱ्या लोकांना आयबीएस होण्याचं प्रमाण कमी दिसलं. हा संबंध आहे, पुरावा नाही, आणि तोही आधीपासून आयबीएस असलेल्यांबद्दल नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय. महिनाभर सिगारेटशिवाय काढूनही पोट तसंच आहे म्हणून परत ओढायला लागलेली माणसं मी पाहिली आहेत. फुप्फुसं, हृदय, छातीतली जळजळ, पोटातले अल्सर यांच्या बाबतीत फायदा तुम्हाला मिळणारच आहे. पोट थोडं शांत झालं तर तो वरचा लाभ समजा.

आतड्यांची सोय न करता तारीख ठरवणं

सोडणाऱ्या सहा जणांपैकी साधारण एकाला पहिल्या काही आठवड्यांत बद्धकोष्ठ होतं. मूळचाच बद्धकोष्ठाचा आयबीएस असेल तर तुम्ही त्यात असाल असं धरून चाला. तारखेच्या आठवडाभर आधी इसबगोल सुरू करा, पण अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर, आणि तीन-चार दिवसांनी थोडं थोडं वाढवत. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतले तर पोट असं फुगेल की दोष बिचाऱ्या सिगारेट सोडण्याला जाईल. गव्हाचा कोंडा टाळा. आयबीएसमध्ये तो अनेकांना उलट त्रास देतो. एवढ्याने भागलं नाही तर मॅक्रोगोलसारखं मल मऊ करणारं औषध डॉक्टरांना विचारून घेता येतं. लॅक्ट्युलोज या तशाच दुसऱ्या औषधाने गॅस वाढतो, म्हणून ते आपल्यासाठी पहिली पसंती नको.

जुलाबाचा प्रकार असेल तर गोष्ट वेगळी, आणि ही बाब मला कोणी वेळेवर सांगितली असती तर किती बरं झालं असतं. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा जोरात करतं. धूर थांबला की तो वेग काही दिवसांत खाली येतो. कॉफी तेवढीच घेतली तरी रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. मग छातीत धडधड, रात्री झोप नाही, हात थरथरतात, सकाळी तीनदा शौचाला पळावं लागतं, आणि आपण म्हणतो ‘निकोटिन सुटतंय ना, त्याचा त्रास’. हे काम निकोटिनचं नसून धुराचं आहे, त्यामुळे सिगारेटऐवजी निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) किंवा गम घेतलात तरी हा बदल होणारच. सोडण्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. अगदी बंद नको, नाहीतर कॅफीन तुटल्याची डोकेदुखी वेगळीच सुरू होईल.

निकोटिन गम च्युइंगगमसारखा चघळणं

गम कचाकचा चघळला की निकोटिन लाळेत उतरतं, लाळ गिळली जाते, आणि ते गालातून शोषलं जाण्याऐवजी सरळ पोटात जातं. उचकी, मळमळ, जळजळ आणि पुन्हा पोटात कळ. आपल्या पोटाला हे नकोच आहे.

पद्धत अशी: सावकाश चावा. आठ-दहा वेळा चावल्यावर मिरीसारखी झणझण किंवा झिणझिण्या जाणवतील. तिथेच थांबायचं आणि गम गाल व हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचा. झणझण ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि आता दुसऱ्या बाजूला ठेवा. एक गम अर्धा तास पुरतो. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, सोडा यातलं काही नको, कारण आंबटपणामुळे निकोटिन गालातून नीट शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असे, त्यांना बहुधा 4 मिलिग्रॅमचा गम लागतो, बाकीच्यांना 2 मिलिग्रॅमचा.

आणि वेष्टन वाचा. बऱ्याच निकोटिन गममध्ये, साखरविरहित गोळ्यांमध्ये आणि पेपरमिंटमध्ये सॉर्बिटॉल, मॅनिटॉल किंवा झायलिटॉल असतं. घटकांच्या यादीत कधी ते ई 420, ई 421, ई 967 असं लिहिलेलं दिसतं. ही गोडी लहान आतड्यात पुरती शोषली जात नाही, पुढे जाऊन पाणी ओढते आणि गॅस करते. तलफ मारायला दिवसभरात पंधरा साखरविरहित गोळ्या चोखणाऱ्याचं पोट बिघडलं तर त्यात नवल नाही. अशा वेळी पॅच बरा. तो तोंडाला आणि जठराला वगळून सावकाश, एकसारखं निकोटिन देतो.

डॉक्टरांनी दिलेल्या औषधी गोळ्यांनी सोडत असाल तर आधीच माहीत असू द्या: व्हॅरेनिक्लीनने मळमळ बऱ्याच जणांना होते, ती जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन दोन्हींनी बद्धकोष्ठ होऊ शकतं. घाबरून मधेच बंद करण्यापेक्षा डॉक्टरांशी बोला.

ई-सिगारेट किंवा चघळायच्या तंबाखूवर जाणं हा पोटासाठी तोडगा नाही. निकोटिन तेच आहे, आणि तंबाखूची लाळ तर थेट जठरात जाते.

एकाच आठवड्यात सगळं आयुष्य बदलणं

सिगारेट बंद, दूध बंद, गहू बंद, कॉफी बंद, सोमवारपासून पळायलाही जायचं. असं केलं की चांगलं कशाने झालं आणि वाईट कशाने हे कधीच कळत नाही. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला लो-फॉडमॅप आहार (आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, गॅस करणाऱ्या काही शर्करा कमी केलेला) अनेक आयबीएस रुग्णांना उपयोगी पडतो, पण त्यात काही आठवडे कडक पथ्य आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघणं असतं. ते काम सिगारेट सुटून दोन-तीन महिने झाल्यावर करा. पहिल्या आठवड्यात माणूस आधीच भुकेला आणि चिडलेला असतो.

तोवर एक वही ठेवा. तारीख, शौचाला किती वेळा, मल किती घट्ट किंवा पातळ हे दाखवणाऱ्या ब्रिस्टल तक्त्यातल्या सातपैकी कोणता प्रकार, पोटदुखीला दहापैकी किती, कॉफी किती, झोप किती. सोडण्याच्या दोन आठवडे आधीपासून लिहाल तर पुढचे वाईट दिवस खरंच नेहमीपेक्षा वाईट आहेत का, ते दिसेल. माझ्या दुसऱ्या वेळच्या वहीत तिसऱ्या आठवड्यापासून दुखण्याचे आकडे उतरलेले आहेत. त्या दिवसांत मी मात्र सगळ्यांना सांगत होतो की काहीच फरक नाही.

सगळं आयबीएसच्या नावावर टाकणं

शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग: यातलं काहीही असेल तर ‘सिगारेट सोडल्यामुळे असेल’ म्हणून थांबू नका. धूम्रपानाने मोठ्या आतड्यातल्या गाठींचा आणि कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे ओढणाऱ्याने आणि सोडलेल्याने दोघांनीही तपासणी टाळू नये.

अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा आतड्याचा दाह काही जणांत सिगारेट सोडल्यानंतर पहिल्यांदा डोकं वर काढतो. याचा अर्थ पुन्हा ओढायला लागा असा नाही. त्या आजाराला चांगली औषधं आहेत, आणि क्रोन्स या त्याच्या भावंडाला तर सिगारेट आणखी चिघळवते. मुद्दा एवढाच, की सोडल्यावर रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले तर तो आयबीएस नाही. मलातल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाच्या साध्या चाचणीने दाह आहे की नाही याचा बराच अंदाज येतो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा सिगारेट सोडल्याची तारीख आधी सांगा. दम्यासाठी थिओफायलीन, किंवा वेदना-नैराश्यासाठी ड्युलोक्सेटिन चालू असेल तर तेही सांगा, कारण धूर थांबल्यावर कॅफीनसारखंच या औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढतं आणि मात्रा बदलावी लागू शकते. वही बरोबर न्यायला विसरू नका.