वकिली सुरू ठेवून एमबीए: अर्धवेळ पदवीचा करिअरला उपयोग कसा करून घ्यावा

कराराचा मसुदा ज्याने अक्षर न् अक्षर तपासून केलेला असतो, तोच वकील किमतीची चर्चा सुरू झाली की गप्प होतो. आकडे अकाउंटंट बघतील, कलमं आपण बघू, अशी ही वाटणी. सुरुवातीची काही वर्षं ती चालून जाते. पुढे अशील ‘हे कायद्यात बसतं का?’ असं विचारायचं सोडून ‘हे करू का?’ असं विचारू लागतो. या प्रश्नाचं निम्मं उत्तर कायद्यात असतं, निम्मं धंद्यात. काम न सोडता केलेली व्यवस्थापनाची पदवी नेमकी इथे उपयोगी पडते. मात्र ती विचारपूर्वक निवडायला हवी आणि शिकत असतानाच वापरायला हवी.

१. आधी काम ठरवा, मग कॉलेज शोधा

पदवीनंतर तुम्हाला रोज कोणतं काम करायचं आहे, ते एका वाक्यात लिहून काढा. ‘करिअरमध्ये पुढे जायचं आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. ‘कंपनीच्या कायदा विभागाचं प्रमुखपद हवं’, ‘फर्ममध्ये भागीदार होऊन एक शाखा चालवायची’, ‘कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार हाताळायचे’ अशी नेमकी वाक्यं हवीत. पहिल्यासाठी बजेट आणि माणसं सांभाळायला शिकावं लागतं, तिसऱ्यासाठी मूल्यांकन.

फक्त फौजदारी किंवा कौटुंबिक प्रकरणं लढवायची असतील आणि त्यात मन रमत असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: ही पदवी करू नका. तोच वेळ उलटतपासणी आणि वाचनावर घालवलेला बरा.

२. अभ्यासक्रमाचा प्रकार नीट पारखून घ्या

अर्धवेळ एमबीए संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी चालतं आणि त्याला साधारण दोन ते चार वर्षं लागतात. एक्झिक्युटिव्ह एमबीए अनुभवी लोकांसाठी असतं. शिकागो विद्यापीठाने असा पहिला अभ्यासक्रम १९४३ मध्ये सुरू केला. हे बहुतेक ठिकाणी दोन वर्षांच्या आत-बाहेर संपतं, पण फी जास्त असते. पाच-सात वर्षं प्रॅक्टिस झालेल्यांनी वर्गातल्या इतरांचा अनुभव किती आहे, हे आवर्जून विचारावं. तुमच्या बाजूला बसणारा कारखान्याचा व्यवस्थापक किंवा रुग्णालयाचा वित्तप्रमुख प्राध्यापकाइतकंच शिकवून जातो.

संस्थेला एएसीएसबी, इक्विस किंवा अम्बा या व्यवस्थापन शिक्षणातल्या आंतरराष्ट्रीय मान्यतांपैकी एखादी आहे का, तेही बघा. आणि एक साधी गोष्ट: हजेरीचा नियम लेखी मागा. सुनावणीची तारीख तुमच्या हातात नसते. दोन वर्ग बुडाले की विषय नापास, असा नियम असेल तर तो अभ्यासक्रम कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलासाठी नाही.

३. अर्ज करण्याआधी ऑफिसशी बोला

वरिष्ठांना नंतर कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं केव्हाही चांगलं. परीक्षेच्या आठवड्यात फाइल कोण सांभाळेल, याची योजना घेऊनच बोलायला जा. फर्म किंवा कंपनी फीचा वाटा उचलणार असेल, तर पदवीनंतर किती वर्षं तिथेच थांबावं लागेल आणि मध्येच सोडलं तर किती रक्कम परत करावी लागेल, हे करारात वाचा. दुसऱ्यांचे करार डोळ्यांत तेल घालून वाचणारे आपण स्वतःच्या करारावर मात्र चटकन सही करतो.

४. हिशेबाची भीती वर्ग सुरू होण्याआधी काढा

बहुतेक वकिलांची खरी अडचण इथे असते. पहिल्याच सत्रात लेखाशास्त्र आणि संख्याशास्त्र येतं आणि इंजिनिअर मंडळी भराभर पुढे जातात. म्हणून दोन-तीन महिने आधीच ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाहाचं पत्रक ही तिन्ही वाचायला शिका. शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या आणि नफा दिसत असूनही रोकड का घटली, ते शोधा. उत्तर बहुधा येणी आणि साठ्यात अडकलेलं असतं. स्प्रेडशीटवर हात बसवा. यातलं गणित शाळेतल्या टक्केवारीच्या फार पुढे जात नाही.

वर्गातली केस पद्धत, म्हणजे प्रत्यक्ष प्रकरणावर चर्चा करत शिकणं, मात्र तुम्हाला ओळखीची वाटेल. ती मुळात कायद्याच्या शिक्षणातूनच आली. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये लँगडेल यांनी ती १८७० मध्ये आणली आणि पुढे १९१९ मध्ये तिथल्याच बिझनेस स्कूलचे डीन झालेले वॉलेस डोनम, जे स्वतः कायदा शिकलेले होते, त्यांनी ती व्यवस्थापनात रुजवली. फरक एवढाच की कायद्यातल्या केसला निकाल असतो, धंद्यातल्या केसला नसतो. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन त्याची जबाबदारी घ्यायची, ही सवय वकिलाला मुद्दाम लावून घ्यावी लागते.

५. शिकलेलं त्याच आठवड्यात फाइलवर वापरा

माझ्या मते सगळा फायदा या पायरीत आहे, म्हणून दोन उदाहरणं नीट मांडतो.

समजा अशिलाचा दावा १०० लाखांचा आहे आणि जिंकण्याची शक्यता तुम्ही ६० टक्के धरता. समोरचा आज ३५ लाखांत तडजोड करायला तयार आहे. अंतःप्रेरणा सांगते, नको. आता कागदावर मांडा. १०० लाखांचे ६० टक्के म्हणजे ६० लाख. पण निकाल चार वर्षांनी लागणार. पैशाचा खर्च, म्हणजे आज हातात आलेल्या पैशावर मिळू शकला असता तो परतावा, वर्षाला १० टक्के धरला, तर चार वर्षांनंतरच्या ६० लाखांची आजची किंमत सुमारे ४१ लाख होते. त्यातून खटल्याचा ८ लाखांचा खर्च वजा केला की उरतात ३३. म्हणजे समोर असलेला ३५ लाखांचा प्रस्ताव चांगला आहे. शक्यता ७५ टक्के असती, तर उत्तर उलटं आलं असतं. हा अर्ध्या पानाचा तक्ता अशिलासमोर ठेवला की चर्चा भावनेवरून आकड्यावर येते.

दुसरं उदाहरण कंपनी विक्रीचं. किंमत व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या आठपट ठरली आहे. करारात या नफ्याच्या व्याख्येत ‘एकदाच होणारे खर्च वगळून’ असे शब्द आहेत. आता ५ लाखांचा दुरुस्तीखर्च ‘एकदाच होणारा’ मानायचा की दरवर्षीचा? त्या एका विशेषणावर ४० लाख अवलंबून आहेत. मसुदा लिहिणाऱ्याला हे दिसलं, तर तो व्याख्या तिथेच घट्ट करतो. नाहीतर पुढे लवाद ठरलेलाच.

फर्मच्या आतही हेच लागू होतं. दहा तास काम झालं, आठ तासांचं बिल गेलं आणि सात तासांचेच पैसे आले, तर गळती कुठे आहे? ठरावीक फी सांगण्याआधी अशा जुन्या कामांचे तास काढून बघणारा वकील भागीदारांच्या बैठकीत लगेच लक्षात येतो.

६. वर्गातही वकिलाची मर्यादा पाळा

गटाने करायच्या प्रकल्पासाठी अशिलाची माहिती कधीही वापरू नका, नाव बदलूनही नाही. बारकाव्यांवरून ओळख पटतेच. सार्वजनिक अहवालांवर काम करा. सहाध्यायी चहाच्या वेळेत कायदेशीर प्रश्न विचारतील. त्यांच्या कंपनीविरुद्ध तुमच्या फर्मकडे प्रकरण असू शकतं, त्यामुळे हितसंबंधांची तपासणी झाल्याशिवाय मत देऊ नका. ऑफिसात भेटायला बोलवा. पुढची कामं येतात तीही या ओळखींतूनच, पण सावकाश.

७. बढतीची मागणी शेवटच्या सत्रातच करा

पदवी मिळाली म्हणून आपोआप काही बदलत नाही. वरिष्ठांकडे नेमकं काम मागा: एखाद्या मोठ्या अशिलाचं फीचं गणित, कायदा विभागाचं बजेट किंवा पुढच्या व्यवहारातली किमतीची वाटाघाट. सोबत अभ्यासक्रमाच्या काळात केलेल्या दोन-तीन कामांची एक पानाची नोंद द्या: काय होतं, तुम्ही काय बदललं, अशिलाचं किती वाचलं. तिथे वाव नसेल, तर हेच पान पुढच्या मुलाखतीत न्या. तुमच्या देशात पूर्णवेळ पगारी नोकरी धरल्यावर वकिलीची सनद स्थगित करावी लागते का, हे मात्र कंपनीला होकार देण्याआधी तपासा.