शेतातल्या पाणथळीवर हिवाळी पक्षी बघताय? या चुका टाळा

"गेलो होतो पण काहीच दिसलं नाही, सगळे लांब जाऊन बसले" ही तक्रार हिवाळ्यात हमखास ऐकू येते, आणि बहुतेक वेळा पक्षी तिथे असतातच, आपण पोचता पोचता त्यांना उठवलेलं असतं. शेतातल्या पाणथळीला जंगलासारखा आडोसा नसतो, बांधावर उभं राहिलं की मागे नुसतं आभाळ, आपली पूर्ण आकृती लांबूनच पक्ष्यांना दिसते. म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे आल्या आल्या सरळ काठापर्यंत चालत जाणं. आधी लांब थांबून सगळं पाणी दुर्बिणीतून एकदा नीट बघून घ्या, कडेचं गवत, चिखलाची पट्टी, मधले उंचवटे सगळं, मग बांधाच्या खालच्या बाजूने थोडं पुढे जाऊन बसा आणि बसल्यावर हलू नका. शेजारून रस्ता जात असेल तर इंजिन बंद करून गाडीतूनच बघा, गाडीला पक्षी माणसापेक्षा कमी घाबरतात.

आपण जास्त जवळ गेलोय हे पक्षी उडायच्या आधीच कळतं. खाणं थांबतं, माना ताठ होतात, सगळी बदकं एकाच दिशेला पोहत सरकायला लागतात. इथेच थांबायचं आणि चार पावलं मागे यायचं, "अजून एक फोटो" म्हणून पुढे जायचं नाही. हे पक्षी लांबून उडून आलेले असतात, परतीच्या प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवायची असते, आणि प्रत्येक वेळी उठवलं की ताकदही जाते आणि खाण्याचा वेळही. ओल्या गवतातून तर चालूच नका, पाणलावा हा लांब चोचीचा पक्षी तुम्ही अगदी जवळ येईपर्यंत दबून बसतो आणि मग एकदम वेडावाकडा उडतो, दिसतो फक्त पाठमोरा.

तुम्ही गप्प बसलात आणि तरीही अख्खा थवा उठला? मग वर बघा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून गवतावरून कमी उंचीवर फिरत असेल, नाहीतर एखादा ससाणा. अशा वेळी जागा बदलू नका, धोका टळला की बरेच पक्षी परत तिथेच उतरतात.

वेळेचं गणितही खूप जण चुकवतात. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवा उठते आणि स्कोपमधून (स्टँडवर लावायच्या मोठ्या एकनळी दुर्बिणीतून) सगळं थरथरतं, लोकांना वाटतं स्कोप खराब आहे. झूम कमी करा, जवळचे पक्षी बघा, लांबचे उद्या सकाळसाठी ठेवा, दुसरा इलाज नाही. सकाळी पूर्वेच्या काठावर बसा म्हणजे सूर्य पाठीमागे राहतो, संध्याकाळी पश्चिमेच्या. आणि सूर्य मावळला की लगेच उठू नका, बरीच बदकं दिवसा पाण्यावर झोपा काढतात आणि अंधार पडताना शेतात चरायला निघतात.

दुर्बिणीच्या तक्रारी बहुतेक सेटिंगच्या असतात. एका डोळ्याला धूसर दिसत असेल तर उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस लावा, मग डावा मिटून त्याच वस्तूवर उजव्या आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) रिंग फिरवा. काळ्या सावल्या येत असतील तर आयकप (डोळ्याला टेकणाऱ्या रबरी कडा) बघा, चष्मा असेल तर ते आत फिरवलेले हवेत. श्वासाने काच धुरकट होते तेव्हा शर्टाने खसाखसा पुसू नका, आधी धूळ फुंकून उडवा.

ओळखताना नुसत्या रंगावर जाणं ही चूक तर फारच होते. सीझनच्या सुरुवातीला बरेच नर बदक मादीसारखेच तपकिरी दिसतात, भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई तर हिवाळा बराच सरेपर्यंत दिसत नाही, मग लोक सगळ्यांना "मादी" लिहून मोकळे होतात. आकार बघा. थापट्याची उलथन्यासारखी चोच, तलवार बदकाची लांब मान आणि टोकदार शेपूट, चक्रांगचा छोटा बांधा आणि पंखावरचा हिरवा पट्टा. चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांत हिरवी तुतवार की ठिपकेवाली तुतवार असा घोळ असेल तर उडताना पंखाची खालची बाजू बघा, हिरवीची गडद, ठिपकेवालीची फिकट. पक्षी ओळखायच्या ॲपने सुचवलेलं पहिलं नाव म्हणजे उत्तर नाही.

मागच्या आठवड्यात भरपूर बदकं होती आणि आज एक नाही असं झालं तर पाण्याची पातळी बघा. शेतातलं पाणी उपसलं जातं, सोडलं जातं. पाणी उतरून चिखल उघडा पडला की तुतवार, लांब पायांचे शेकाटे येतात, चढलं की ते निघून जातात आणि बदकं आणि वारकरी (काळे पाणपक्षी) वाढतात. आणि फक्त पाण्याकडेच बघत बसू नका, नांगरलेल्या रानात टिटव्या, धोबी, चंडोल असे पक्षी असतात, तिकडे बहुतेक जण पाठ करून बसतात.

मोठा थवा मोजताना आकडा अंदाजाने फेकू नका. दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरा आणि तेवढे तेवढे गट पुढे सरकवत मोजा, पण थवा बसलेला असतानाच. १९६७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची आंतरराष्ट्रीय गणना होते, तिथे असेच आकडे कामाला येतात.

जमीन कुणाची तरी असते, आधी विचारा, उभ्या पिकातून चालू नका, ओला बांध तुडवला की फुटतो आणि पाणी वाहून जातं. फाटक जसं होतं तसं ठेवा. कुत्रा, ड्रोन आणि मोबाईलवर लावलेले पक्ष्यांचे आवाज, तिन्ही घरी ठेवा. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, बर्ड फ्लू असू शकतो. वनखात्याला नाहीतर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, आणि जवळपास कोंबड्या पाळलेल्या असतील तर तिकडे जायच्या आधी बूट घासून धुवून घ्या.