म्हशीचं मायांग बाहेर येतंय? डॉक्टर येईपर्यंत या चुका टाळा

गाभण म्हैस बसली की मागून मायांगाचा (योनीमार्गाचा) संत्र्याएवढा लालसर गोळा दिसतो, उठली की आत जातो. शेवटच्या दोन महिन्यांत असं दिसलं की गोठ्यात ठरलेलं उत्तर मिळतं: "जातंय ना आत, मग राहू द्या." पहिली चूक हीच. बाहेर आलेला भाग शेणात लोळतो, कोरडा पडून सुजतो. जळजळ झाली की म्हैस जोर करते आणि जोरामुळे तो आणखी बाहेर येतो. उभी राहिल्यावरही गोळा आत जात नसेल, तर ते घरगुती उपायाचं काम नाही.

जमिनीचा उतार उलटा

गोठ्याची जमीन गव्हाणीकडून मूत्रनालीकडे उतरती असते. एरवी ते बरोबर, पण या म्हशीच्या पोटातलं सगळं वजन त्यामुळे मागे येतं. मागच्या बाजूला मुरूम टाकून, चोपून 4 ते 6 इंच उंची घ्या. भर फक्त मागच्या खुरांखाली नको. म्हैस थोडी पुढे सरकून बसली की त्या भरीचा उपयोग संपतो, म्हणून पोटाखालपासून नालीपर्यंत सलग चढ करा. दावं आखूड ठेवा. लांब दाव्यावर ती फिरून उलट्या अंगाने बसते आणि मेहनत वाया जाते.

चारा एकदम टाकणं

भरलेलं पोट गर्भाशयाला मागे ढकलतं. चारा तेवढाच द्या, पण चार-पाच वेळा विभागून, आणि रात्री बसण्याआधी पोट गच्च भरू नका. शेण घट्ट होऊ देऊ नका, कुंथण्यानेही अंग बाहेर येतं. हंगामात नुसत्या उसाच्या वाढ्यावर म्हैस ठेवण्याची सवय महागात पडते: वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि कॅल्शियम कमी पडलं की अंग सैल पडतं. दुसरा चारा मिसळा आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. बुरशी लागलेला कडबा किंवा पेंड अजिबात नको. काही बुरशींचं विष स्त्री-संप्रेरकासारखं काम करतं, त्याने मायांग सैल होतं. कॅल्शियमची कमतरता भरून काढायला त्याची बाटली स्वतः शिरेतून लावू नका. वेग चुकला तर हृदय थांबतं.

बाहेर आल्यावरची घाई

बहुतेक नुकसान इथेच होतं. गोळ्याला डिझेल, हळद-मीठ किंवा राख लावू नका. म्हैस शांत उभी करा. एक लिटर थंड पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट पूर्ण विरघळवून त्याने धुवा. न विरघळलेले खडे चिकटले तर भाजतं. गरम पाणी वापरू नका, सूज वाढते.

मग गोळा दोन्ही तळव्यांनी हलकेच वर उचलून धरा. मूत्राशय त्यात अडकलेलं असू शकतं आणि मूत्रमार्ग मुडपलेला असतो. उचलल्यावर बऱ्याचदा लघवीची धार सुटते आणि गोळा लहान होतो. हे न करता ढकलत बसणारे घामाघूम होतात, म्हैसही थकते. सूज जास्त असेल तर साखर पसरून 10–15 मिनिटं ओला कपडा गुंडाळा. साखर सुजेतलं पाणी ओढून घेते. नंतर धुऊन टाका.

ढकलायचंच असेल तर नखं कापलेली हवीत आणि दाब तळव्याचा किंवा बंद मुठीचा. बोटांच्या टोकांनी भोक पडतं. म्हैस जोर करत असताना फक्त धरून राहा, ढकला ती सैल पडल्यावर. गर्भाशयाच्या मुखात बोट घालू नका, तिथला चिकट बूच निघाला तर गर्भाला धोका. आत बाटली ठेवण्याचा प्रकारही बंद करा: जखम होते आणि म्हैस जास्तच जोर करते.

शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन मिळाल्याशिवाय जोर थांबत नाही, म्हणून 1962 या पशुवैद्यकीय सेवेच्या फोन क्रमांकावर किंवा जवळच्या दवाखान्यात लवकर कळवा.

टाके आणि दोरी विसरणं

डॉक्टरांनी टाके घातले की काम संपलं असं समजू नका. कास भरली, शेपटीच्या दोन्ही बाजू खचल्या की टाके काढायला बोलवा. विण्याच्या कळांत टाके राहिले तर मायांग फाटतं किंवा पारडू दगावतं. दोरीचा पट्टा बांधायचा तर सुती, आणि लघवीला वाट राहील असा. नायलॉन कातडीत रुततं.

विल्यानंतर गुडघ्यापर्यंत लोंबणारा, गाठीगाठींचा मोठा पिशवीसारखा भाग दिसला तर ते मायांग नव्हे, गर्भाशय. इथे तास मोजावे लागतात. म्हशीला चालवू नका, आतली मोठी रक्तवाहिनी तुटू शकते. ओल्या स्वच्छ चादरीवर भाग धरून ठेवा, वार ओरबाडू नका.

विण्याआधी अंग काढणारी म्हैस पुढच्या गाभणपणात पुन्हा काढण्याची शक्यता मोठी असते, आणि हा दोष वंशातही उतरू शकतो. अशा म्हशीची पारडी पैदाशीसाठी ठेवू नये.