मॅनेज्ड स्विचचं फर्मवेअर अपडेट करायचंय? आधी परत यायची सोय करून ठेवा

जळगावच्या एमआयडीसीतली दालमिल घ्या, सावदा-रावेरकडचं केळीचं कोल्ड स्टोरेज घ्या नाहीतर धुळ्याकडचं जिनिंग, रॅकमध्ये एखादा २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याची सेटिंग आपल्याला बदलता येते असा नेटवर्कचा स्विच, आता बऱ्याच ठिकाणी दिसतो. कॅमेरे त्याच्यावर, वजनकाट्याचा कॉम्प्युटर त्याच्यावर, बिलिंग पण त्याच्यावरच. आणि बहुतेक ठिकाणी तो बसवला त्या दिवशीच्याच फर्मवेअरवर (स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) चालून राहिलाय. चालतंय ना, मग कशाला हात लावता, असं म्हणणारे भरपूर भेटतात. त्यांना मी २०१८ चं सांगतो. सिस्कोच्या बऱ्याच स्विचमध्ये स्मार्ट इन्स्टॉल नावाचं, नवा स्विच दुरून सेट करायचं फीचर आपोआप चालू असायचं, टीसीपी पोर्ट ४७८६ वर (हा केबल लावायचा पोर्ट नाही, नेटवर्कवरचा नंबर). मार्चमध्ये त्याच्यातली मोठी त्रुटी जाहीर झाली, दुरुस्तीचं फर्मवेअर पण आलं, आणि एप्रिलमध्ये इराण-रशियातल्या हजारो स्विचची कॉन्फिग, म्हणजे सगळी सेटिंग, याच स्मार्ट इन्स्टॉलच्या वाटेने उडवली गेली. ज्यांना ते फीचर लागत नव्हतं त्यांना ते बंद करणारी नो व्हीस्टॅक एवढी एक कमांड पुरली असती. म्हणून अपडेट करायचंच, फक्त बिघडलं तर परत कसं यायचं ते आधी ठरवून मग.

सुरुवात मॉडेल नंबरपासून. सिस्कोवर शो व्हर्जन मारा, वेब पेजवाल्या स्विचवर सिस्टिम इन्फोचं पान बघा, आणि शक्य असेल तर स्विच उलटा करून खालचं लेबल वाचा, कारण एकाच मॉडेलचे व्ही१, व्ही२, व्ही३ असे हार्डवेअर व्हर्जन असतात आणि प्रत्येकाची फाईल वेगळी. मग कंपनीच्या साइटवरून फाईल उतरवताना सोबतचे रिलीज नोट्स वाचा, पूर्ण वाचा भो, कंटाळा करू नका. फार जुन्या फर्मवेअरवरून थेट नव्यावर उडी मारता येत नाही, मधल्या एका व्हर्जनवर थांबून जावं लागतं, असं त्याच्यातच लिहिलेलं असतं. आणि माहीत असलेल्या अडचणींचा भाग शेवटी असतो तोच सगळ्यात कामाचा, आपण वापरतो ते फीचर त्या यादीत दिसलं तर पुढच्या व्हर्जनची वाट बघा.

आता बॅकअप, इथे घाई नको. चालू कॉन्फिग आधी सेव्ह करा, मग तिची कॉपी लॅपटॉपवर घ्या, फाईलच्या नावात जागा आणि तारीख टाका, आणि फाईल उघडून बघा की आत खरंच काही आहे का. वेब पेजवाले काही स्विच अशी फाईल देतात जी नोटपॅडमध्ये वाचताच येत नाही, तिथे व्हीलॅनच्या (एकाच स्विचवर वेगळे पाडलेले नेटवर्क) आणि पोर्टच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. सध्या चालू असलेल्या जुन्या फर्मवेअरची फाईल पण जवळ ठेवा, कारण साइटवरून जुन्या फायली काढून टाकतात आणि ऐनवेळी सापडत नाहीत. आणि हे लक्षात असू द्या की नव्या फर्मवेअरने लिहिलेली कॉन्फिग जुन्याला वाचता येईलच असं नाही, त्यामुळे मागे यायचं असेल तर जुनं फर्मवेअर आणि जुनी कॉन्फिग अशी जोडीच लागते.

बऱ्याच स्विचमध्ये फर्मवेअरला दोन जागा असतात, एचपी-अरुबावर प्रायमरी आणि सेकंडरी म्हणतात, बाकी ठिकाणी इमेज १ आणि इमेज २. चालू असलेल्या जागेला हात लावायचा नाही, नवीन फाईल रिकाम्या जागेत टाकायची आणि बूट तिथून करायला सांगायचं, बिघडलं की पहिल्या जागेवरून बूट, पाच-दहा मिनिटात गाडी रुळावर. जुन्या आयओएस (सिस्कोचं स्वतःचं सॉफ्टवेअर, आयफोनचं नव्हे) सिस्कोवर फ्लॅशमध्ये जागा असेल तर जुनी फाईल डिलीट न करता नवी शेजारी ठेवा, बूट सिस्टिमची ओळ बदला, सेव्ह करा, मगच रीलोड.

फाईल टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाईल पाठवायची साधी पद्धत) पाठवत असाल आणि ३२ एमबीच्या आसपास येऊन अडकत असेल तर स्विच खराब नाहीये, जुन्या टीएफटीपी सर्व्हरला ५१२ बाइटचे ६५,५३५ तुकडेच मोजता येतात, त्याच्या पुढे तो गडबडतो. नवीन सर्व्हर घ्या नाहीतर एससीपी (फाईल पाठवायची सुरक्षित पद्धत), यूएसबी जे मिळेल ते वापरा. फाईल पोचली की चेकसम, म्हणजे फाईल जशीच्या तशी आली का ते सांगणारा कोड, कंपनीने दिलेल्याशी जुळवा, लॅपटॉपवर विंडोज असेल तर तो काढायला सर्टयूटिल आधीच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी ती फाईल वापरू नका.

वेळ कोणती धरायची? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी बंद खोलीतला रॅक भट्टी झालेला असतो आणि संध्याकाळी वादळवारं सुटलं की लाइट जाते. म्हणून सकाळी लवकर करा, स्विच आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर ठेवा, यूपीएसची बॅटरी आधी तपासून. जिनिंगचं काम हंगामाच्या आधी उरकून घ्या, आणि त्याच वेळी पंख्यात अडकलेला कापसाचा तूस ब्लोअरने काढा. सराफाच्या दुकानात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात फर्मवेअरला हातच लावू नका. अजून एक, स्विच पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा) असेल तर रीबूटमध्ये सहसा कॅमेरे बंद पडतात, वॉचमनला आणि मालकाला आधी सांगून ठेवा.

एकाला एक जोडलेले चार-पाच स्विच असतील तर फायली सगळ्यांवर आधी टाकून घ्या, मग रीबूट सगळ्यात लांबच्या स्विचपासून करत मेनकडे या. मेन आधी पाडला आणि तो उठलाच नाही तर मागच्या एकाही स्विचपर्यंत पोचता येत नाही. कन्सोल केबल (नेटवर्क बंद असलं तरी लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) हाताशी पाहिजेच. सिस्कोला स्पीड ९६००, काही कंपन्यांना १,१५,२००, हे आधी लावून चालतं का बघा. रीबूटला कधीकधी फार वेळ लागतो, बूटलोडर (स्विच सुरू करणारा छोटा प्रोग्राम) पण अपडेट होत असतो, तेवढ्यात घाबरून वायर काढणारे स्विच कायमचा घालवतात, कन्सोलवर अक्षरं सरकताहेत तोवर थांबा.

स्विच उठला की व्हर्जन, लॉग, व्हीलॅन, ट्रंक पोर्ट (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा), घड्याळ एवढं तपासा. लॅपटॉपवरच्या जुन्या पुट्टी प्रोग्रामने एसएसएच (स्विचशी सुरक्षित दुरून जोडणी) लागत नसेल तर बहुतेक वेळा नव्या फर्मवेअरने कमजोर सायफर (माहिती लपवायच्या पद्धती) काढून टाकलेले असतात, पुट्टी नवीन घ्या. टेलनेट, म्हणजे पासवर्ड उघडा पाठवणारी जुनी जोडणी, परत चालू करू नका.

मग फीचर. आरएसटीपी आणि लूप प्रोटेक्शन (केबलचा फेरा झाला तर तो तोडणारी दोन फीचर) पहिल्यांदा, कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं भिंतीतल्या दोन पॉइंटला लावतोच आणि अख्खं ऑफिस झोपतं. डीएचसीपी स्नूपिंग (भलत्याच यंत्राला आयपी वाटू न देणारं फीचर) लावताना राउटरकडे जाणारा पोर्ट आधी ट्रस्टेड करा, नाहीतर कोणालाच आयपी मिळणार नाही. पीओई ऑटो रिकव्हरी असेल तर जरूर लावा, अडकलेल्या कॅमेऱ्याला स्विच पिंग करतो, उत्तर नाही आलं की त्याची पॉवर स्वतःच बंद-चालू करतो, शेडच्या टोकाला शिडी घेऊन जायचं काम वाचतं. हे सगळं दुरून करत असाल तर सिस्कोवर आधी रीलोड इन १० मारा आणि मग बदल करा, सेव्ह न करता. आपणच बाहेर अडकलो तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर परत येतो, सगळं ठीक असेल तर रीलोड कॅन्सल करून मग सेव्ह.

शेवटी नव्या कॉन्फिगचा पण बॅकअप घ्या आणि रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवा, मॉडेल, व्हर्जन, तारीख, कोणत्या पोर्टवर काय. पासवर्ड त्याच्यावर नको, तो मालकाकडे बंद पाकिटात द्या.